एका दमातले आकडे

वन्संचा आवाज आधी भेटायचा, माणूस मागाहून. भरदार, स्वच्छ, जरासा खर्जातला आवाज. वन्सं ट्रंक कॉल जोडून द्यायच्या, तेव्हा फोनवर तो ऐकून एका गृहस्थाने त्यांना न पाहताच लग्नाची मागणी घातली होती. वन्संनी त्याला म्हटलं, "आपली तीन मिनिटं संपली, वाढवून हवीत का?" आणि त्याचं उत्तर यायच्या आत लाइन तोडली. हा किस्सा त्या वर्षातून चारदा तरी सांगत. दर वेळी हसत.

प्रत्यक्षात त्या साडेचार फुटांच्या, एका अंगाला कललेल्या. लहानपणी पाठीचा कणा वाकडा होत गेला, तेव्हा घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा फार उशीर झाला होता. उजव्या खांद्यामागे मोठा उंचवटा आला. स्वतःच त्याला 'गाठोडं' म्हणायच्या. "मी जाते तिथे सामान बरोबर घेऊनच जाते," असं सांगून समोरच्याला हसायला लावायच्या, म्हणजे त्याला कुठे बघावं हा प्रश्न पडू नये.

त्या यांची धाकटी बहीण, पण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. मी लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आरशासमोर ब्लाउजचा मागचा हुक लावायला धडपडत होत्या. मी सहज पुढे झाले. त्या झटक्यात भिंतीला टेकल्या.

"पाठीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "बाकी सगळं घर तुझं, वहिनी."

सेहेचाळीस वर्षं मी तो शब्द पाळला. ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पाय चेपले, केस विंचरले. पाठीला कधी हात लावला नाही.

चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ती नोकरी जणू त्यांच्याचसाठी निर्माण झाली होती, कारण तिथे बाई दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. एका लांब खोलीत ओळीने उंच स्टुलं, समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानावर हेडसेट. वन्संना स्टुलावर चढायला खाली लाकडी पेटी लागे. एकदा चढल्या की मात्र त्यांच्यासारखी दुसरी नाही. हजारभर नंबर तोंडपाठ. कुणाचं बाळंतपण कुठल्या दवाखान्यात, कुणाचं भांडण कुठल्या वकिलाकडे, सगळं माहीत. आणि त्यातलं अक्षरही घरी आणलं नाही. "पोटात एवढं साठवलंय, म्हणून पाठ फुगली," असं मात्र म्हणायच्या.

तिथे त्यांना एक गोष्ट शिकवली होती. बोलायचा भोंगा ओठाशी असतो, त्यामुळे ऑपरेटरने श्वास घेतला तर पलीकडच्याला वादळ आल्यासारखं ऐकू येतं. म्हणून श्वास असा घ्यायचा की ऐकणाऱ्याला तो कळताच कामा नये. शब्दाच्या मधोमध, नाकाने, घोट घोट. एकदा पाहुणे आले असताना त्यांनी गंमत म्हणून शंभरपर्यंत आकडे एका दमात म्हणून दाखवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर स्वयंपाकघरात माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "नऊ वेळा घेतला. कुणाच्या बापाला कळलं नाही."

हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. हॉस्पिटलात आठ दिवस घशात नळी होती. यांना काहीतरी सांगायचं होतं. हातात पेन दिलं तर ते बोटांतून गळून पडायचं. वन्सं रोज काचेपलीकडून बघत उभ्या राहायच्या. नवव्या दिवशी सगळं आटोपून आम्ही दोघी घरी आलो. चपला काढता काढता त्या म्हणाल्या, "वहिनी, माझ्या तोंडावर काही बांधू देऊ नकोस. मरायचं ते मरेन. पण बोलत मरेन, आणि ह्या घरात."

मी हो म्हटलं. त्या दिवशी मी कशालाही हो म्हटलं असतं.

मग आम्ही दोघीच राहिलो. सकाळी नऊला त्यांची हजेरी असे. जुन्या एक्स्चेंजमधल्या सहा मैत्रिणी निरनिराळ्या गावांत एकट्या राहत होत्या. त्यांना वन्सं ओळीने फोन लावत. "जिवंत आहेस ना? मग उचलायला एवढा वेळ का?" कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाची मांजर, सगळ्याची विचारपूस. तासभर चाले. मी तोवर भाजी निवडत बसे आणि एका बाजूचं संभाषण ऐकून दुसऱ्या बाजूचं मनात जुळवत असे. माझ्या दिवसातला तो सगळ्यात चांगला तास.

गेल्या वर्षी त्यांच्या पायांवर सूज आली, ओठ निळसर दिसायला लागले. छातीच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर पिंजरा काढून दाखवला. बरगड्यांचा पिंजराच वाकडा आहे, त्यामुळे फुप्फुसं नीट फुगत नाहीत. चांगली हवा आत कमी जाते आणि वाईट हवा बाहेर पुरती जात नाही, रक्तात साठत राहते. ऑक्सिजन लागेल, पण मोजून. वाटेल तेवढा दिला, तर वाईट हवा आणखी साठते, माणूस पेंगतो, आणि पेंगता पेंगता जातो.

"आणि बोटाला लावायच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा मात्र छान दिसतो," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका. अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, एवढंच हवं. शंभराच्या मागे लागायचं नाही."

मग त्यांनी कपाटातून एक मास्क काढला. नाकातोंडावर घट्ट बसणारा, मागे पट्टे, त्याला जाड नळी, नळीला मशीन. त्या पुढे काही समजावू लागल्या, तशा वन्सं उठून उभ्या राहिल्या. "ते आत ठेवा. मला बघायचंही नाही, ऐकायचंही नाही."

डॉक्टरांनी तो परत ठेवला. तूर्त ऑक्सिजनवर भागवू, म्हणाल्या. मिनिटाला दीड लिटर. रोज सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवायची. बोटाला चिमटा लावून आकडा बघायचा, आणि एका दमात किती मोजता येतं ते लिहायचं. मोजणं दहाच्या खाली आलं, सकाळी डोकं दुखायला लागलं, पेंग यायला लागली किंवा बोटावरचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला, तर त्याच दिवशी फोन करायचा आणि भरती व्हायचं.

ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. लहानशा कपाटाएवढं, घुर्र घुर्र करणारं. त्याची लांब नळी वन्संच्या नाकापर्यंत, आणि ऑक्सिजन किती सोडायचा ते ठरवणारा नॉब दीडवर. "घ्या, पुन्हा कनेक्शन लागलं," त्या म्हणाल्या. मी वही आखली. वेळ, नॉब, बोट, दम, असे चार रकाने, लाल शाईने समास. नोंदी ठेवायची मला शाळेपासूनची सवय. आमच्या शाळेतल्या बाईंनी एकदा माझी वही वर्गभर फिरवून दाखवली होती, तेव्हापासून मी खाडाखोड म्हणून केलेली नाही.

दर सोमवारी दवाखान्यातून सिस्टर यायची. तिने पहिल्याच दिवशी "आजी" म्हणून हाक मारली, तर वन्सं कडाडल्या, "आजी कुणाला म्हणतेस? नातू सोड, अजून नवरा मिळायचाय मला." तेव्हापासून सिस्टर त्यांना ताई म्हणू लागली. तिने मोजायची रीत दाखवली. "मोठा श्वास घ्यायचा, आणि सोडता सोडता एक, दोन, तीन म्हणत जायचं. मध्ये श्वास घ्यायचा नाही. मावशी, तुम्ही एक हात ह्यांच्या पाठीवर ठेवा, म्हणजे श्वास घेतला की हाताला लगेच कळतो."

वन्संनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुढे केलेला हात मागे घेतला.

"हात कशाला? तिचे कान धड आहेत. ऐकेल ती."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ऐकेन मी." तिला पुढे अजून चार घरं करायची होती.

पहिल्या दिवशी अठरा आले. दुसऱ्या दिवशी अठरा. मग सतरा, अठरा, सतरा. बोटावर नव्वद, एक्क्याण्णव. सोमवारी सिस्टर वही बघून म्हणायची, "वा! सगळे पेशंट असे असते तर आमच्या नोकऱ्या गेल्या असत्या." आम्ही दोघी खूश. दोन महिने असेच गेले.

पण वहीबाहेर काही वेगळंच चाललं होतं. नऊची हजेरी तासावरून अर्ध्या तासावर आली. मैत्रिणी सहाच होत्या, पण वन्संची वाक्यं तोकडी झाली. "बरी ना? बरं. ठेवते." पेपर त्या मोठ्याने वाचून दाखवायच्या, ते बंद झालं; अक्षर बारीक छापतात म्हणे. सकाळी उठल्या की दोन बोटांनी कपाळ दाबून बसायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "उशी कडक आहे." मी नवी उशी आणली. ती मऊ आहे म्हणाल्या.

आणि एका संध्याकाळी मोजत असताना, 'दहा' म्हणताना, मला ते ऐकू आलं. श्वास नव्हे. श्वास ऐकू यायचा नाहीच, इतक्या त्या पक्क्या होत्या. शब्दाच्या मधोमध एक बारीकशी पोकळी, सुईच्या नेढ्याएवढी. मी पेन उचलून धरलं. त्या मोजत राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. अकरा, बारा, तेरा. डोळ्यांत ना गंमत, ना लबाडी. नुसती विनवणी. ह्या बाईने आयुष्यात कधी कुणाला विनवलेलं मी पाहिलं नव्हतं.

"सतरा," त्या म्हणाल्या.

मी सतरा लिहिलं.

त्यावर आम्ही कधी बोललो नाही. त्यानंतरही रोज दोन वेळा त्या मोजत गेल्या आणि मी लिहीत गेले. मनाला सांगत होते, कदाचित मलाच तसं वाटलं असेल. कान आता माझेही म्हातारेच.

पुढे एका गुरुवारी सकाळी बोटावर चौऱ्याऐंशी आले. चिमटा पुसला, दुसऱ्या बोटाला लावला. तरी चौऱ्याऐंशी. मी फोनकडे वळले.

"कुणाला करतेस?" वन्संनी विचारलं.

"दवाखान्यात. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेलं की करायचा, ठरलंय ना?"

"केलास की नेतील. नेलं की ते थोबाडावर चढवतील." प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत होत्या. "नॉब जरा फिरव ना. कोण बघतंय?"

"डॉक्टर नको म्हणाल्यात."

"डॉक्टर त्यांच्या घरी. आज तेवढा. उद्या बघू."

मी नॉब दीडवरून तीनवर नेला. दहा मिनिटांत बोटावर शहाण्णव आले. शहाण्णव! इतके कधीच आले नव्हते. वन्संच्या गालांवर रंग आला. "पहिला नंबर," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी चक्क हसलो. मी वही उघडली. बोटाच्या रकान्यात एक्क्याण्णव लिहिलं आणि नॉबच्या रकान्यात दीड. खाडाखोड न करता, सुवाच्य अक्षरात.

जेवणं झाल्यावर त्या खुर्चीतच झोपल्या. महिन्या-दोन महिन्यांत इतकी गाढ झोप लागली नव्हती. मी पडदा ओढला, आवाज होऊ नये म्हणून भांडी घासायची तशीच ठेवली. मध्ये दोनदा येऊन चिमटा बघितला. सत्त्याण्णव. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

चार वाजता चहा घेऊन गेले. हाक मारली, हलवलं. डोळे अर्धे उघडले, पुन्हा मिटले. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. त्या कुणाला तरी सांगत होत्या, "थांबा हं, लाइन मिळत नाहीये." बोटावर अजून सत्त्याण्णवच होते.

हॉस्पिटलात मास्क चढवला. माझं हो-नाही विचारायला कुणी थांबलं नाही, आणि थांबले असते तरी मी नाही म्हटलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वन्सं शुद्धीवर आल्या. डॉक्टरांनी दहा मिनिटांसाठी मास्क काढला, स्टुल ओढून जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मोजून दाखवा बरं." आणि न विचारता त्यांच्या पाठीवर, नेमका त्या उंचवट्यावर, तळहात ठेवला.

वन्सं ताठ झाल्या. पण मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच...

"चार," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

वन्सं थांबल्या नाहीत. तोच स्वच्छ आवाज, कुठे खंड नाही. आठ, नऊ, दहा. सोळापर्यंत गेल्या.

"एका दमात चारच झाले, ताई. त्यापुढे सोळापर्यंत तुम्ही चार वेळा श्वास घेतलात."

वन्संनी मान खाली घातली. डॉक्टरांनी माझी वही घेतली आणि पानं उलटली. "हे सतरा, अठरा कुणी लिहिलं?"

"मी."

"हात ठेवून?"

"ऐकून."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. वही मिटून म्हणाल्या, "दोन महिन्यांपूर्वी खरा आकडा कळला असता, तर हा मास्क फक्त झोपेत लावायला सांगितला असता. दिवसभर मोकळं राहता आलं असतं. बोलता आलं असतं. तेव्हा तेच सांगत होते मी." मग ती मला परत देत, "आता छातीत जंतूही झालेत. आता काढून चालणार नाही. पाणी प्यायला, औषध घ्यायला काढू, पाच-दहा मिनिटं."

दिवसभर बोलता आलं असतं. वन्संनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी लिहिणार नाही.

"आणि नाही लावला तर?" वन्संनी विचारलं.

"दोन दिवस. फार तर तीन. निर्णय तुमचा आहे, ताई. मी जबरदस्ती करणार नाही."

डॉक्टर बाहेर गेल्या. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, घरी चल."

मी त्यांना वचन दिलेलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं, हे गेले तेव्हापासून ठरलेलं होतं. पण मला त्या क्षणी आमचं घर दिसलं. बंद मशीन, गुंडाळलेली नळी, आणि सकाळचे नऊ. मी त्यांचा हात धरला आणि लहान मुलीसारखी रडत म्हटलं, "मला एकटीला टाकून जाऊ नका. लावा ना तो. माझ्यासाठी लावा. बऱ्या झालात की झोपेपुरताच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चौतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून देणारी बाई, तिला दोन्ही टोकांचं ऐकू येत असणार.

"बरं," त्या म्हणाल्या. "बांधा म्हणावं."

अकरा दिवस तो मास्क त्यांच्या तोंडावर होता. मशीन फुसकारून हवा आत ढकलायचं आणि त्यांचं डोकं दर श्वासाला किंचित मागे जायचं. पाटी दिली तर त्यांनी 'पाणी' लिहिलं, 'पाय' लिहिलं, एकदा 'हजेरी?' लिहिलं. मी घरून नंबर आणले आणि कॉरिडॉरमधून सहाही जणींना फोन केले. सांगितलं, बऱ्या आहेत, बोलता येत नाही एवढंच. एक जण पलीकडे हमसून रडली. म्हणाली, "ती? बोलत नाही? मग बरी कशी?"

मास्क निघाला की ती पाच मिनिटं पाणी, गोळ्या, तोंड पुसणं यातच जायची. आकडा घसरू लागला की सिस्टर धावत यायची. मीही त्या आकड्यावर डोळे लावून बसायचे. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायच्या ऐवजी त्याच्याकडे बघत होते, हे आता कळतं.

अकराव्या दिवशी सकाळी दहाला मास्क काढला. त्यांनी चमचाभर पाणी घेतलं, दुसरा चमचा हाताने बाजूला सारला. माझा पदर धरला.

"वहिनी, तुला एक सांगायचं..."

मॉनिटरवर शहाऐंशी झाले. मग त्र्याऐंशी.

"ऐक. त्या दिवशी मी..."

ऐंशी. सिस्टर मास्क घेऊन आलीच होती. मी म्हटलं, "नंतर बोला, वन्सं. आधी श्वास घ्या." आणि माझ्याच हाताने मी तो त्यांच्या नाकातोंडावर बसवला. पट्टे ओढले. आतून त्यांचे ओठ थोडा वेळ हलत होते. मशीनच्या आवाजात काही कळलं नाही. आकडा नव्वदवर आला, तशी मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी त्या गेल्या. मास्क तसाच होता. सिस्टरने पट्टे सोडले. नाकावर आणि दोन्ही गालांवर लाल खोल वळ उठले होते. तिने ओल्या कापसाने ते हलकेच पुसले, पण ते जाणारे नव्हते.

"मावशी, सकाळी काहीतरी बोलत होत्या ना?" तिने विचारलं. "काय म्हणाल्या?"

"म्हणत होत्या," मी म्हटलं. "मीच थांबवलं."